क्रमांक एकोणीस, दुसरी बाजू

कारखान्यातून विचारणा आली :
दुसऱ्या बाजूवर काहीच नाही.
चुकून कोरी पाठवलीत का?
छपाई थांबवू?

ऊर्वेनं चष्मा कपाळावर सरकवला.
हीउमा बेटावरच्या जुन्या लोकरगिरणीत
ती, मी आणि एक शेगडी मिळून
आम्ही रेकॉर्ड कंपनी आहोत.
तिनं कळवलं :
थांबवू नका. ऐका.

याआधी अठरा काढल्या.
समुद्र गोठताना बर्फाखाली सोडलेला माईक.
पियानोच्या तारांवरून फिरवलेला दाढीचा ब्रश.
गंजक्या तेलटाकीत शिरून एका मुलीनं
चाळीस मिनिटं धरलेला एकच सूर.
प्रत्येकीच्या तीनशे प्रती.
माझ्या पलंगाला पाय नाहीत,
न खपलेले गठ्ठे आहेत.

करखात्यातल्या बाईंनी एकदा विचारलं,
मालाचं वर्णन, या रकान्यात काय लिहू?
ऊर्वे म्हणाली, संगीत, आणि संगीत नसलेलं.
बाईंनी लिहिलं : इतर.

एकोणिसावी शाळेची.
सात मुलं उरली, म्हणून बंद झाली ती.
शेवटच्या दिवशी सातही जणांनी
बाकं, नळ, फूटपट्ट्या, खिडक्यांच्या कड्या
मनाला येईल तशा बडवल्या.
ती पहिली बाजू. कर्कश. मला फार आवडते.
दुसरी बाजू दुसऱ्या दिवशीची :
तीच खोली, माईक तिथेच, मुलं नाहीत.
बावीस मिनिटं.
ऊर्वे बाहेर गाडीत बसली होती.
स्वतःचा श्वासही नको होता तिला त्यात.

मी म्हटलं, ही सामसूम.
ती म्हणाली, सामसूम रस्त्यावर असते.
मग शुकशुकाट?
तो बाजार उठल्यावर.
अबोला?
त्याला दोघं लागतात.
पाकिटावरच्या नावासाठी असं आठवडाभर भांडलो
आणि नाव घातलंच नाही.

चाचणीची प्रत आली. सोबत चिठ्ठी,
सही : झ्दिस्लावा, तपासणी विभाग.
रात्रपाळी संपल्यावर ऐकली, यंत्रं बंद करून.
४.१० भिंतीतून पाणी जातं.
९.३२ माशी, काचेवर. दोनदा.
तेरानंतर लाकूड तडकतं, ऊन आलं असावं.
१७.०५ कुणीतरी आवंढा गिळतं.
हा दोष धरायचा का?

ऊर्वेनं सुई मागे नेली. पुन्हा नेली.
सतरा पाच. आहे.
खोलीत कुणी नव्हतं, ती म्हणाली,
किल्ली तर फक्त
आणि गप्प झाली.

किल्ली वेल्लोकडे असते.
एकेचाळीस वर्षं घंटा त्यानं दिली.
त्या सकाळी कुठे होतात, विचारलं तेव्हा
म्हणाला होता, मागे. लाकडं फोडत.
त्या बावीस मिनिटांत
कुऱ्हाडीचा एकही घाव ऐकू येत नाही.

प्रकाशनाला चौदा माणसं आली, एक कुत्रा.
वेल्लो मागच्या बाकावर, टोपी मांडीवर.
सुई टेकली.
शेगडीत निखारा ढासळला,
कुणाचं तरी पोट गुरगुरलं,
नवव्या मिनिटाला कुत्र्यानं कान टवकारले
आणि खिडकीत माशी शोधली.
सतराव्याला वेल्लोकडे बघायचं नाही
असं मी ठरवलं होतं. बघितलं.
तो बुटाची नाडी निरखत होता.
मग रेकॉर्डवर एकदा,
आणि लगेच बाकावर एकदा,
किंचित उशिरानं.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
सुई शेवटच्या चरीत टक्, टक् फिरत राहिली.
ती उचलायला हवी हे सगळ्यांना कळत होतं
आणि उठवत नव्हतं.
शेवटी तोच उठला,
सुट्टी करायची सवय असलेला माणूस,
दोन बोटांनी उचलली.

जाताना टेबलापाशी थांबला.
माझ्याकडे वाजवायला यंत्र नाही, म्हणाला,
तरी द्या एक.
पंधरा युरो. सगळे सुटे.
मी मोजले नाहीत.
त्यानं मोजायला लावले.