सकाळचा पेपर

रात्रपाळी सुटते सहाला.
अक्कलकोट रोडपासून घरापर्यंत
कानात माग चालूच असतो.
दार ढकलायच्या आधी रोज ठरवतो,
आज आल्या आल्या त्याचे डोळे बघायचे नाहीत.
बघतोच.
पापण्या सुजल्यात का,
घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा राहतो का.
भार्गव झोपेतच म्हणतो, नान्ना, भूक.

गोळ्यांची भूक ती.
पहाटे तीनला उठवते त्याला,
दोन भाकरी जिरवून
रिकाम्या डब्यासारखी वाजत राहते.
गोळ्या उतरतील तशी भूकही उतरेल, डॉक्टर म्हणाल्या.
तोवर भाताच्या आधी काकडी,
अंड्यातलं पांढरं त्याला, पिवळं सहस्राला.

भाकरीचं बरं आहे, तिच्यात मीठ मुळातच नसतं.
जन्मभर खाऊन
हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.
डाळ मात्र त्याची वाटी आधी काढून,
मग बाकीच्या पातेल्यात मीठ.
शेंगाचटणी लावण्या वेगळी कुटते,
लसूण जरा चढा, जिरं भाजून, वर लिंबू.
पहिल्या दिवशी त्यानं बोटानं चाटली,
"उप्पु लेदु," म्हणाला. मीठ नाही.
कुणी गेल्याची बातमी द्यावी तसं.

मी टॉवेल विणतो.
कापडानं जितकं पाणी धरावं तितका भाव.
आणि घरात हा साडेसहा वर्षांचा,
यानं पाणी धरू नये म्हणून
चिमटीचिमटीचा हिशेब.

सकाळची पहिली लघवी काचेच्या नळीत,
त्यात औषधाचे थेंब,
आणि नळी पेपरवर धरायची.
अक्षरं स्वच्छ दिसली तर नील.
धुरकट दिसली तर ट्रेस.
मथळा दिसतो, खालचा बारीक मजकूर नाही,
असं झालं की मी चहा तसाच ठेवतो.

गड्ड्याच्या जत्रेतून तो सर्दी घेऊन आला.
चौथ्या दिवशी नळीत दूध.
मथळासुद्धा बुडाला.
विडीची पानं कातरता कातरता लावण्याची कात्री थांबली.
"काय दिलंत याला?"
सहस्रा म्हणाली, पापड.
अर्धा. भाजलेला. तो मागत होता.

मी तिला मारलं.
एकदाच.
पण मागावरचा हात आहे.

डॉक्टरांनी डायरी चाळली, घसा बघितला,
म्हणाल्या, हे सर्दीनं उलटलंय.
मिठानं सूज वाढते, ते जपाच,
पण आजार पापडानं परत येत नाही.
मी केसपेपर घडी करत राहिलो,
टॉवेलची करतात तशी,
चौकोनी, परत चौकोनी.

घरी आल्यावर सुचेना.
तुझ्यामुळं नव्हतं, एवढंच म्हणालो,
तेही तेलुगूत,
मराठीत ते शाळेतल्या नोटिशीसारखं वाटलं असतं.
माहितेय, ती म्हणाली.
तिला माहीत नव्हतं.

आता नळी तीच धरते.
डायरीत तारीख घालते, माझ्यापेक्षा नीट.
मधल्या पंधरवड्यात एकदा ओरडली,
"आज 'महापा'पर्यंत दिसायलंय, नान्ना!"
लिके राहिलं कुठल्या तरी ढगात.
मी त्या दिवशी झोपलोच नाही,
उगाच भांडी घासत बसलो.

परवा, काल आणि आज
तिनं न अडखळता वाचलं.
आजचं होतं,
'हद्दवाढ भागात पाणी पाच दिवसांआड.'
लिहिलं, नील.
खाली पट्टीनं रेघ मारली.

लावण्या बादल्या मोजायला उठली.
भार्गवनं विचारलं,
नील म्हणजे अर्धा पापड का?
त्यावर अजून
घासाघीस चालू आहे.