तिसरा नमुना

फोन आला तेव्हा आगरात मीठ धरू लागलेलं.
म्हापशाची लॅब. रिपोर्ट तयार आहे, काका.
आणि मग, जरा थांबून:
येताना एकटेच या.

कारण तसं क्षुल्लक होतं.
अवधूतच्या जन्मदाखल्यावर कुण्या कारकुनानं
सगुणचा शगुन करून ठेवलेला,
आणि व्हिसाच्या खिडकीमागचा माणूस म्हणाला,
बाप सिद्ध करा.
आम्ही हसलो. बसमध्ये उंडे खाल्ले.
सुईला घाबरला तो, बावीस वर्षांचा घोडा,
मी त्याचा दुसरा हात धरून बसलो.

शून्य टक्के.
शून्याखाली सही, सहीखाली शिक्का.

बाटल्या बदलल्या असतील, मी म्हणालो.
लॅबमधली मुलगी रागावली नाही.
होतं काका, क्वचित होतं. पुन्हा करू.
या वेळी माझ्या डोळ्यांदेखत तिनं नाव लिहिलं,
मी एकेक अक्षर बोटानं वाचलं,
सगुण भिवा आरोलकर, आगरवाडा, पेडणे.
पुन्हा शून्य.

त्यानंतर मी त्याचे कान बघायला लागलो.
झोपलेला असताना पायांची बोटं.
ज्या पोराला आगराच्या बांधावर चालायला शिकवलं
त्याची चाल कुणासारखी आहे,
हे बांधावरच उभा राहून शोधायला लागलो.

कागद प्रेमावतीला सापडला. कपाटात, माझ्या शर्टाखाली.
ती ओरडली नाही, रडली नाही.
हुमण वाढलं, समोर बसली, म्हणाली,
परत कर. धा खेपे कर.
म्हाका खबर आसा म्हाका कितें खबर आसा.

मग त्या मुलीचा फोन, रात्री, स्वतःच्या मोबाइलवरून.
काका, हे परक्याचं रक्त वाटत नाही.
बरंच जुळतंय. काकाचं पुतण्याशी जुळावं तसं.
तुम्हाला भाऊ आहे?

होता.
भिकू. पलीकडच्या खोलीत राहायचा.
ट्रॉलरवर गेला आणि शापोऱ्याच्या तोंडाशी बुडाला,
सहा वर्षं झाली.
चार रात्री मी त्या खोलीच्या दारापाशी बसलो.
काय काय आठवलं ते सांगणार नाही.
मेलेल्या माणसाला मी काय काय विचारलं तेही नाही.

पाचव्या दिवशी तिनंच विचारलं,
तुमचं कधी मोठं ऑपरेशन झालंय?
ऑपरेशन नाही. रक्ताचा आजार. वेल्लोरला होतो पाच महिने.
भावानं मगज दिला हाडातला.
फोनवर बराच वेळ काही ऐकू येईना.
काका, ती म्हणाली,
मग तुमच्या अंगातलं हे रक्त तुमचं नाहीच.

केस उपटून दिले. मुळासकट, बारा.
नव्याण्णव पूर्णांक, पुढे नऊच नऊ.

चाचणी खोटी नव्हती.
तिनं दोन्ही वेळा भिकूलाच विचारलं होतं,
आणि त्यानं, मेल्यावर सहा वर्षांनी,
माझ्या दंडातून दोन्ही वेळा खरं सांगितलं:
हा माझा नव्हे.

मला ऐकता आलं नाही.
त्याच्याच रक्तावर जगून
चार रात्री मी त्याच्यावर संशय घेतला.

आमच्या बांधातल्या दाराला मानस म्हणतात.
भरतीला उघडायचं, खाडी आत घ्यायची.
आत आलेलं पाणी कुठल्या नदीचं, कुठल्या समुद्राचं,
कुणी विचारत नाही. मीठ मात्र आमच्या आगराचं.
असं मी अवधूतला सांगायला गेलो.
तो म्हणाला, बाबा, ते सगळं खरं,
पण खिडकीमागच्या माणसाला केस चालत नाहीत.
रक्तच पाहिजे म्हणतो.

तिसरा कागद मी जेवणाच्या टेबलावर ठेवलाय,
पाण्याच्या तांब्याखाली, उडू नये म्हणून.
आठ दिवस झाले.
प्रेमावती रोज तांब्या उचलते, पाणी ओतते,
पुन्हा तिथंच ठेवते.
अजून वाचलेला नाही.