रोज एक मिलिमीटर

वाशी उत्तरायणाला, दांडिया बाजारात, स्कूटरवर,
तुटलेल्या पतंगाची दोरी गळ्याशी आली
म्हणून हात आडवा घातला.
गच्चीवर कुणी ओरडलं, काय पो छे!
मनगटापुरतं ते खरंच होतं.

भावसार डॉक्टरबाईंनी भिंगाखाली मज्जातंतू जुळवला,
केसाहून बारीक दोऱ्याने, गुच्छाला गुच्छ लावून.
म्हटलं, बाई, मीही तीस वर्षं हेच केलं.
टेलिफोनचा केबल जॉइंटर, खड्ड्यात पाय सोडून,
निळा-पांढरा, नारिंगी-पांढरा.
त्या म्हणाल्या, तुमची तार जोडली की बोलते.
ही नाही बोलत.
जोडापलीकडचं आधी सगळं मरतं.
उरते नळी. नळीतल्या पेशी कचरा उपसतात,
वाट झाडून ठेवतात.
मग मानेच्या मणक्याशेजारी घर करून असलेली एक पेशी
तिथे बसल्या बसल्या
आपलं हातभर लांब टोक पुन्हा पुढे सारते.
रोज एक मिलिमीटर. फार तर.

नातवाच्या कंपासमधली पट्टी घेतली.
मनगटापासून तर्जनीच्या टोकापर्यंत एकशे ऐंशी.
मालिनीनं कालनिर्णयावर बोट फिरवलं:
सुरुवातीचा महिना सोडला, तर श्रावण.

तोवर अंगठा, तर्जनी, मधलं बोट शेजाऱ्याचं.
अनामिकेत दोन बिऱ्हाडं,
करंगळीकडची बाजू माझी.
तव्याला बोट टेकलं
ते मालिनीच्या किंचाळण्यावरून कळलं.

दर महिन्याला बाई टिचक्या मारत जातात,
विचारतात, मुंग्या कुठे?
मुंग्या येतात तिथवर तो पोचलेला.
मार्चात मनगटाची घडी जेमतेम ओलांडलेली.
मेअखेर, नळाचं पाणीही पोळतं तेव्हा,
बोटाच्या मुळाशी.
रात्री दिवा मालवून मीच टिचक्या मारतो.
हॅलो. हॅलो.
तीस वर्षांत एकही तार
ग्राहकाच्या दिशेने आपणहून वाढलेली
पाहिली नाही मी.

श्रावणातल्या एका दुपारी
डोळे मिटायला लावून मालिनीनं
शेंगेचं टरफल तर्जनीवर ठेवलं.
मी म्हटलं, मधल्या बोटावर काहीतरी खरबरीत.
ती हसली. राँग नंबर.
काही तंतू चुकीच्या नळीत शिरतात म्हणे,
मेंदूला नव्याने शिकावं लागतं
कोण कुठून बोलतंय.

शिकेल.
पलीकडे कुणीतरी उचलला तर खरं.