राखीव

अकरा वर्षं मी ब्रोलच्या मागे बसलो,
लाकडी बाकावर, पाठीवर बारा नंबर,
गुडघ्यांवर घोंगडी.
अकरा वर्षांत त्याचा साधा घोटासुद्धा मुरगळला नाही.
मी नवस बोललो होतो असं म्हणत नाही,
पण चर्चमध्ये मेणबत्त्या स्वस्त होत्या तेव्हा.

सिलेशियात बर्फ पडतो पांढरा
आणि दुपारपर्यंत करडा होतो.
कागदोपत्री आम्ही सगळे खाणकामगार:
पगारपत्रकावर भुयार क्रमांक तीन,
हिवाळ्याआधी कोळसा घरपोच,
आणि खाली कधी कोणी उतरलं नाही.
खाली त्याचा भाऊ उतरायचा, तेओफिल.
रविवारी गोलच्या जाळीमागे उभा राहायचा,
पापण्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या,
अवाक्षर न बोलता.

लोकांना वाटतं, गोलकीपर म्हणजे झेप.
ब्रोल झेपावत नसे.
सामन्याआधी टाचेनं एक रेघ ओढायचा,
गोलच्या मध्यातून पुढे, सरळ,
मग त्या रेघेच्या अर्धं पाऊल इकडे, अर्धं तिकडे.
चुलीवर दूध ठेवलेल्या बाईसारखा:
लक्ष नाही असं वाटे,
उतू मात्र जात नसे.
चेंडू पोचायचा तेव्हा हा तिथे आधीच.
छातीशी धप्प,
आणि लगेच उजव्या बॅककडे, हातानं,
उसने पैसे गुपचूप परत करावेत तसा.

पेपरचा फोटोग्राफर कावायचा:
ह्याचं काय काढू?
कोबी घेऊन घरी निघालेला माणूस!

एकदा त्याला सणसणून ताप होता.
मी हातमोजे चढवलेसुद्धा.
हिल्डानं त्याला गाडीतून आणून सोडलं.
खांबामागे दोनदा ओकला, बाहीला तोंड पुसलं,
म्हणाला, काढ मोजे, हात घामेजतील.
शून्य-शून्य.

मग नोव्हेंबर. तेओफिल. सहाशे मीटर खाली,
छत.

त्या शनिवारी ब्रोल दफनभूमीत
आणि मी गोलमध्ये.
नव्वद मिनिटं. माझी. सगळी.
साठाव्या मिनिटाला लांबून एक चेंडू आला, वळत,
आणि मी उडालो,
आडवा, हवेत, बोटांच्या पेरांनी तो खांबाबाहेर.
मैदान उठून उभं राहिलं.
सोमवारी पहिल्या पानावर मी.
अजून आहे तो फोटो, फ्रिजशेजारी,
नातवंडांचे तेलकट हात लागलेला.

मंगळवारी ब्रोलनं तो पाहिला, बराच वेळ.
काळा कोट अजून अंगात.
छान, म्हणाला.
मग बोट ठेवलं फोटोतल्या जमिनीवर,
माझ्या पायांपासून दीड पाऊल डावीकडे:
इथे असतास तर उडायला लागलं नसतं.

मला राग आला नाही.
खोटं. आला. चार वर्षं पुरला.

खाण मिटली, मग क्लब.
ब्रोलच्या टाचांनी उजाड केलेल्या तुकड्यावर
गवत यायला सात वर्षं लागली.
मी मोजली, दुसरं काम नव्हतं.
माझ्या बाकाखाली ते कायमच होतं.

आता आम्ही दोघं गुरुवारी डॉक्टरकडे जातो,
एकाच थांब्यावरून.
तो बोर्डापासून थोडा दूर उभा राहतो,
गुलाबाच्या कलमांविषयी काहीतरी बोलत, रस्त्याकडे न बघता.
बस येते, थांबते,
दार उघडतं नेमकं त्याच्यासमोर.
मी पळत जातो.