मुख्य कार्ड

मांडवीजवळच्या ग्रंथालयात
काचेच्या फरशीवर उकिडवी बसून
एकाच पुस्तकाची पाच पुस्तकं लावतेय.

शिळाछापाच्या प्रतीवर: लोणची, द्वारकाबाई चौबळ.
दुसरीवर नुसतं सौ. चौबळ.
तिसरीवर यजमान, पागोट्यासकट.
गुजरातीत गूळ वाढला, लसूण गळला,
अनुवाद कुणाचा, पत्ता नाही.
पाचवी शाळेसाठी.
तिच्यात मीठ दोन चमचे;
आधीच्या चारींत अदमासाने.

जिग्नेशभाई म्हणतात, बेन, नावं वेगळी, खण वेगळे,
एवढा शो विचार?

मी पितळी सळई ओढते.
पाचही कार्डं एका जागी ओवते,
वर एक कोरं.
त्यावर आधी द्वारका.
मग, शाई जरा वाळल्यावर, बाई.

खाली बारीक अक्षरात:
आवृत्त्या पाच.
मीठ अदमासाने.