आकडे

प्रमाण विचारलं,
तर स्यू-लिंगनं आकडे दिले.
लोखंडी, सहा, वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
तिच्या वडिलांच्या टेकअवेतले.
दुकान बंद होऊन नऊ वर्षं झाली.
म्हणाली, बाबा मोजायचे नाहीत,
एक तुकडा चाखायचे
आणि उजवी भुवई वर जायची. जायची किंवा नाही जायची.

आज रविवार. हलमध्ये सकाळपासून
हंबरवरून चिखलाचा खारट वारा.
फ्रीजमध्ये काल रात्रीपासून मुरतायत
मानेजवळचे पट्टे, वीतभर लांब,
सोया, होइसिन, आंबवलेल्या लाल टोफूचा एक चौकोन,
तांदळाची दारू झाकणभर,
आणि चक्रीफूल. ते मात्र ओळखीचं,
काळ्या मसाल्यात आई घालायची तेच.

खाटकानं विचारलं होतं, चरबी काढू?
मी एवढ्या जोरात नको म्हटलं
की रांगेतली म्हातारी हसली.
चरबी काढतो त्याला मटण कळत नाही,
असं तात्या म्हणायचे.

तात्या डुकरं राखायचे.
करमाळ्याला, ओढ्याच्या पल्याड.
शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात
मी 'मजुरी' लिहायचो.
दर वर्षी, सुवाच्य अक्षरात.
तात्यांना वाचता येत नव्हतं.
सही तेवढी शिकले होते.
त्या शब्दाखाली, जीभ दातांत धरून,
सावकाश करायचे.

माल्टोजमध्ये चमचा रोवला तो उभाच राहिला.
डबा गरम पाण्यात ठेवला,
तेव्हा कुठे तार सुटली.
वरच्या जाळीला आकडे, आकड्यांना पट्टे,
खाली पाण्याचा ट्रे.
त्यांच्या भाषेत या पदार्थाचं नावच
काट्यावर भाजलेलं.
दर दहा मिनिटांनी ब्रश, मध, पुन्हा दार बंद.
काचेपुढे मी उकिडवा बसलो.

थेंब पाण्यात पडतात. चर्र.
कडा आधी लाल, मग तपकिरी,
मग एका क्षणी काळ्या,
आणि तो वास आला.
पाचटाचा जाळ, भाजलेले केस,
तात्यांचे धुरानं लाल झालेले डोळे,
आणि शाळेच्या वाटेवर शर्टाची बाही हुंगणारा मी.

धुराचा अलार्म ओरडायला लागला.
यशो जिन्यावरून धावत आली,
खुर्चीवर चढून टॉवेल फडफडवत म्हणाली,
बाबा, कमाल वास आहे.

स्यू-लिंग चारला आली, ओला कोट, हातात संत्री.
उभ्याउभ्याच कडेचा तुकडा उचलला.
खाता खाता सांगितलं,
लहानपणी शाळेत जाताना ती स्वेटरवर
आईचं अत्तर शिंपडायची, रोज,
तळणाचा वास वर्गात शिरू नये म्हणून.
तरी शिरायचाच, म्हणाली.
मग दुसरा तुकडा.
उजवी भुवई वर गेली, फार नाही, जराशी.

मी हात पुसले. परत पुसले.
माझे वडील डुकरं पाळायचे, म्हणालो.
सतरा वर्षं या देशात
हे वाक्य मी कुठल्याच भाषेत बोललो नव्हतो.

तिनं बोटं चाटली.
"किती होती?"

सोळा, म्हणालो.
मग आठवून,
आणि एक गाभण.