हनुवटीवरचा तीळ

पोस्टरवरच्या इल्मी कोर्पेलाला
हनुवटीवर तीळ नाही.

टोरंटोच्या फोटोवाल्याने तो काढून टाकला,
डोळ्यांखालचे बारा हिवाळेही पुसले
आणि खाली छापलं : महापौरपदासाठी.

मी तिचा ड्रायव्हर. बिनपगारी.
अठ्ठावीस वर्षं सहा नंबरची बस चालवली,
त्यामुळे कुठल्या अंगणात कुत्रं सुटं असतं
आणि कुठली बेल बिघडलेली, मुठीने ठोकावं लागतं
एवढं मला पाठ आहे.

ऑक्टोबर सरत आलाय.
सुपीरियर सरोवरावरून येणारा वारा
कातडीशी बोलत नाही, थेट हाडांशी बोलतो.
आम्ही उंबरे झिजवतो.
ती दार वाजवते, दोन पावलं मागे सरते,
हातमोजा काढून हात पुढे करते
आणि मत मागतच नाही.
विचारते, "बर्फाचा नांगर
तुमच्या गल्लीत सकाळी येतो, की दुपारी?"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नये," मी गाडीत म्हणालो.
ती म्हणाली, "भांडं सगळ्यांना दिसतंय.
ताक आहे का, ते बघतेय."

समोर हार्व लिंडक्विस्ट. त्याचं गाड्यांचं शोरूम,
त्याचे दात, त्याची दर कोपऱ्यावरची निळी पाटी.
हिच्याकडे एक टेलिफोन,
जो रात्री दोनलाही ती स्वतः उचलते,
आणि एक ठराव,
ज्याच्या बाजूने तिने हात वर केला होता :
पूर्वेकडचा पोहण्याचा तलाव बंद करण्याचा.

पास्क्वालीना बोर्तोलिनने दार उघडलं.
"तलाव तूच बंद केलास."
"हो."
"दर मंगळवारी मी त्या पाण्यात चालायचे.
गुडघे माझे तिथेच तेवढे हलके व्हायचे.
आता ते घरीच असतात, माझ्यासारखे."
इल्मी उभी राहिली. टोपी हातात, केस वाऱ्यावर.
म्हातारीने दार लावलं,
आपटलं नाही, हळूच लावलं.
आपटलं असतं तर बरं झालं असतं.

गाडीत मी विचारलं,
"बॉयलर फुटला होता, पैसे नव्हते, हे का नाही सांगितलंस?"
खोकल्याची गोळी गालात सारत ती म्हणाली,
"तिने गुडघ्यांचं काढलं होतं.
बॉयलरचं कुणी विचारलं?"

गुरुवारी सकाळी
शहरभर तिच्या पोस्टरवर
हनुवटीच्या डाव्या बाजूला
काळा, ठसठशीत, जरासा वाकडा तीळ.
एक्केचाळीस पाट्या. ग्रँटने मोजल्या.
ग्रँट तिचा प्रचारप्रमुख, शर्टाला इस्त्री, जिभेला नाही.
हार्वची माणसं, म्हणाला. पोलीस, म्हणाला.
नवे पोस्टर, रातोरात, खर्च किती येईल ते, म्हणाला.
"राहू दे," इल्मी म्हणाली.
शाळेच्या बसथांब्यावर एक पोरगी
पाटीपुढे उभी राहून आईला ओरडून सांगत होती,
"ही ती! आपल्या पाइपाजवळ
रात्रभर उभी होती ती!"

या देशात मतदाराच्या बोटाला
शाई लावत नाहीत.
पण त्या सकाळी तिने कॉफीचा कप उचलला तेव्हा
तर्जनीवर काळा डाग होता,
दुसरा अंगठ्यावर.
मी आरशात पाहिलं. तिने आरशात पाहिलं.
मग हातमोजा चढवला, आत, कारमध्ये,
हीटर पूर्ण सुरू असताना.

मतदानाच्या आदल्या रात्री
आम्ही शेवटच्या गल्लीतून परत येत होतो.
पास्क्वालीनाच्या अंगणात हार्वची निळी पाटी
वाऱ्याने पडलेली, दात मातीत.
"थांब," म्हणाली.
उतरली. पाटी उचलली, उभी केली,
गोठलेल्या जमिनीत टाच मारून मारून रोवली,
बाहीने त्याचा चेहरा पुसला.
मग हात कोटाच्या खिशात गेला
आणि तिथेच राहिला.
ती त्या स्वच्छ, गुळगुळीत हनुवटीकडे
बराच वेळ बघत होती.

मी हेडलाइट बंद केले.